थंड ज्योतीला साक्षीदार हवा

ट्यूब मी स्वतः जाळली, हे आधीच सांगून टाकते. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं.

ही ट्यूब म्हणजे मनगटाएवढी जाड काचेची नळी. आपल्या डोळ्यांना पत्ताही लागणार नाही इतका मंद प्रकाश ती टिपते आणि त्याचा आकडा करून देते. पण तिला हजार व्होल्ट दिलेले असताना खोलीतला साधा दिवा लावला, तर ती कायमची आंधळी होते. हे मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना दरडावून सांगते. आणि त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला, अंधारात पेन खाली पडलं म्हणून, मीच दिव्याचं बटण दाबलं.

पेन सापडलं.

आता माझं काम काय ते सांगते, म्हणजे ट्यूब गेल्याने काय अडलं ते कळेल. लायटरमध्ये जो गॅस असतो तो ब्युटेन. ठिणगी दिली की तो भडकतो, तेवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ठिणगी न देता, ऑक्सिजनबरोबर मिसळून, बंद काचेच्या भांड्यात, भट्टीत त्याला तीनशे अंशांवर नुसतं ठेवलं, तर तो वेगळंच काही करतो. आधी वीस-पंचवीस सेकंद ढिम्म. मग अचानक भांड्यातून एक मंद, निळसर उजेड सरकत जातो आणि विझतो. ब्युटेन बराचसा शिल्लकच असतो. हिला म्हणतात थंड ज्योत. थंड म्हणजे हात घालण्याइतकी नव्हे, पण खऱ्या ज्योतीपुढे गरीब गाय. गाडीचं इंजिन चढावर टकटक वाजतं ना, त्याची सुरुवात अशाच कुठल्यातरी अर्धवट जळण्यातून होते. म्हणून ती समजून घ्यायची.

माझं म्हणणं असं होतं की आमच्या भांड्यात ज्योत एकदा येत नाही, दोनदा येते. पहिलीच्या मागोमाग चार-पाच सेकंदांनी दुसरी, जरा अशक्त. दाब मोजणारी लेखणी कागदावर उंचवटा काढायची आणि त्या उंचवट्याला उताराच्या बाजूला एक खांदा दिसायचा. तो खांदा म्हणजे दुसरी ज्योत, असं मी म्हणत होते. त्याला पुरावा ट्यूबने द्यायचा होता. ती आता पेनाच्या पायी गेली होती.

आमच्या विभागप्रमुखांना सगळे पाठीमागे 'आकडेसाहेब' म्हणतात, कारण कुणी काहीही सांगितलं की ते म्हणतात, "आकडा दाखवा." माणूस वाईट नाही. पण मूळचा धातूंचा. आयुष्यभर पोलाद वितळवलेलं. तीनशे अंश म्हणजे त्यांच्या लेखी कोमट.

"नवी ट्यूब यायला चार महिने," ते म्हणाले. "तोवर भट्टी अडवून ठेवता येणार नाही मला. दुसरा गट कधीचा थांबलाय."

"साहेब, भट्टी बंद केली तर भांडं वाया जाईल. तीन महिने मुरवलंय मी ते."

"भांडं मुरवलंय?"

"काचेचं नवं भांडं लहरी असतं. आज एक उत्तर देतं, उद्या दुसरं. काचेच्या भिंतीवर काय बसलंय यावरसुद्धा ही क्रिया अवलंबून असते. दीड-दोनशे वेळा तोच प्रयोग केला, की नव्या तव्यासारखं ते वळणावर येतं. आता थंड करून उघडलं, तर पहिल्यापासून सुरुवात."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "दोन आठवडे देतो. पण तो खांदा मला तुमच्या दाबमापकाचा दोष वाटतो. दुसरी ज्योत आहे म्हणता, तर दाखवा."

दाखवणारी ट्यूबच तर गेली होती.

घरी आले तर बैठकीत अंधार. आमच्या घरात संध्याकाळी दिवे लावणं आणि मालवणं यावरून रोज झटापट असते. सासऱ्यांनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. त्यातली निम्मी तरी त्यांनी डार्करूममध्ये काढली असतील. मग लोकांच्या खिशात फोन आले आणि स्टुडिओ बंद झाला. त्यालाही आता सहा वर्षं झाली. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. तेव्हापासून ते घरभर फिरतात आणि दिवे बंद करत सुटतात. मी दिवा लावते, ते मालवतात. माझा नवरा पोहायला शिकवतो. दमून येतो आणि अंधारातच जेवतो. म्हणतो, पाण्याखाली तरी कुठे दिसतं.

त्या दिवशी मी दिवा लावलाच नाही. चपला काढून तशीच खुर्चीत बसले.

"सूनबाई?" कोपऱ्यातून बाबा म्हणाले. "बटण सापडत नाही का?"

"सापडलं होतं, बाबा. तेच तर झालं ना." आणि मी सगळं सांगून टाकलं. ट्यूब, पेन, साहेब, खांदा, दोन आठवडे.

माझं संपल्यावर बाबांनी आपली खुर्ची जवळ ओढली.

"एका लग्नाचे सहाच्या सहा रोल मी उजेडात उघडलेत," ते म्हणाले. "अजून कुणाला बोललो नाही. तुझ्या सासूलाही नाही."

"सहा?"

"डबा रिकामा आहे असं वाटलं. झाकण काढलं, वर दिवा चालू. एक रोल गेला तर माणूस सांगतो, गेला. सहा गेले की काय सांगणार? लपून राहावंसं वाटलं. मग तिसऱ्या दिवशी गेलो नवऱ्या मुलाच्या घरी आणि म्हटलं, चूक माझी, पुन्हा नटून या, फुकट काढून देतो. आले बिचारे. पण तेवढ्यात नवरदेवाने मिशी काढून टाकली होती."

"अगबाई! मग?"

"मग काय, काजळाने काढून दिली मी. ती बघून नवरी जी हसत सुटली, ती थांबेचना. गावात इतका हसरा लग्नाचा फोटो दुसरा नव्हता. लोक येऊन विचारायचे, तसाच आमचा काढा."

मी हसले. दिवसभरात पहिल्यांदाच. बाबा मात्र हसत नव्हते. ते विचार करत होते.

"हा तुझा उजेड," ते म्हणाले, "किती मंद?"

"पूर्ण अंधारात डोळ्यांना दिसतो म्हणतात. जुन्या लोकांनी पाहिलाय. मी दोनतीनदा डोकावले होते, मला काहीच दिसलं नाही."

"अंधारात किती वेळ बसली होतीस?"

"बसायचं कशाला? दिवा बंद केला आणि बघितलं."

"हं," बाबा म्हणाले. या 'हं'मध्ये माझ्या सगळ्या शिक्षणाचा निकाल होता. "आणि थेट रोखून बघितलंस?"

"मग कसं बघायचं?"

"उद्या मी येतो तुझ्याबरोबर."

रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बघा बाबा, तुम्ही तरी काही उजेड पाडताय का."

पाहुणा म्हणून नोंद करून, गळ्यात ओळखपत्र आणि नाकावर सुरक्षा-चष्मा घालून बाबा दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आले. मी त्यांना भट्टी दाखवली: एक लोखंडी पेटी, आत नारळाएवढा काचेचा गोळा, पुढे तळहाताएवढी खिडकी, खिडकीपुढे जाड पारदर्शक पत्रा, काही फुटलंच तर अडवायला. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आता दिवा बंद कर."

मी केला.

"ही तुझी अंधारी खोली?"

"हो."

"पोरी, इथे पेपर वाचता येईल."

आणि ते कामाला लागले. दाराखालची फट. किल्लीचं भोक. पंख्याच्या जाळीतून येणारी एक तिरीप, जी मला तीन वर्षांत दिसली नव्हती. दाबमापकाचा हिरवा ठिपका, पंपाचा पिवळा ठिपका, आणि सगळ्यांत मोठा चोर म्हणजे भट्टीचं तापमान दाखवणारे लाल आकडे. बाबांनी काळा कागद, काळं कापड आणि चिकटपट्टी मागवली आणि दुपारपर्यंत एकेक उजेड पकडून बुजवला. माझ्या हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवायला लावलं, कारण त्याचे काटे चमकत होते. लाल आकड्यांवर तर काळ्या कापडाची दुहेरी घडी बसली. मला ते चाललं, कारण भट्टी तीन महिने तीनशे पाच अंशांवर अढळ होती. सकाळी आणि निघताना एकदा कापड उचलून पाहिलं की पुरे.

मग आम्ही बसलो. नुसते बसलो. अंधारात वीस मिनिटं फार मोठी असतात. पाच मिनिटांनी मला वाटलं, झालं की. बाबा म्हणाले, "गप बस. डोळा अजून उठतोय." दहाव्या मिनिटाला मला माझ्या हाताची आकृती जाणवायला लागली, ती खरी की भासाची, कळेना. विसाव्या मिनिटाला बाबा म्हणाले, "सोड."

झडपा मला हातांना पाठ होत्या. चाचपडत मी वायूंचं मिश्रण भांड्यात सोडलं. बाबा हळू आवाजात आकडे मोजत होते. डार्करूममध्ये घड्याळ दिसत नाही, म्हणून ते चाळीस वर्षं असेच मोजत आले. "...एकोणीस... वीस... एकवीस... बावीस... आली."

मला काही दिसलं नाही.

"गेली. खालून वर गेली." थोडं थांबून, "ही बघ, पुन्हा. ही वरच्या बाजूला."

मी त्यांना दोन ज्योतींचं सांगितलं होतं, हे खरं. पण दुसरी वरच्या बाजूला सुरू होते, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण ते मलाच माहीत नव्हतं.

"बाबा, निळी आहे ना?"

"निळी कसली? दुधाळ आहे. इतक्या कमी उजेडात डोळ्याला रंग कळत नाही, ठाऊक नाही का तुला? निळी म्हणून सांगितलं, तर मी खोटं बोलतोय असं समज."

पुढच्या वेळी त्यांनी मला युक्ती शिकवली. "खिडकीकडे बघू नकोस. तिच्या शेजारी बघ, एक वीत बाजूला. डोळ्याचा मधला भाग अंधारात झोपलेला असतो, कडेचा जागा असतो." मी बाजूला बघितलं. बाबांचं मोजणं बावीसवर आलं, आणि कडेला, अगदी कडेला, कुणीतरी काचेवर श्वास सोडावा तसं काहीतरी पसरलं आणि विरलं.

सहा वर्षं मी या ज्योतीचे आलेख काढले होते. तिच्यावर भाषणं दिली होती. ती मी आज पहिल्यांदा पाहिली. माझं नाक वाहायला लागलं. बाबांनी न बघता रुमाल पुढे केला.

"मीसुद्धा चाळीस वर्षं अंधारात बसून उजेड बाहेरच ठेवत आलो," ते म्हणाले. "आत बसून कधी त्याची वाट नव्हती पाहिली."

आकडेसाहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी जे अविश्वासाने पाहिलं ते मी मनात धरलं नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

"तुमचे सासरे," ते म्हणाले.

"हो."

"वय?"

"एकाहत्तर. पण गेल्या वर्षी दोन्ही मोतीबिंदू काढलेत. डोळे नवे कोरे आहेत."

"बाई, घरच्या माणसाला जे दिसावंसं वाटतं ते दिसतं. आकडा कुठाय?"

"आकडा मिळेल," मी म्हणाले. "परीक्षा तुम्हीच घ्या."

परीक्षा त्यांनी घेतली, आणि खरोखर चांगली घेतली. आठ फुगे भरायचे. काहींत ब्युटेन आणि ऑक्सिजन, काहींत ऑक्सिजनऐवजी नायट्रोजन, ज्यात ज्योत येणं शक्यच नाही. कुठल्यात काय, ते फक्त साहेबांना ठाऊक. मी आत झडप उघडणार, मलाही माहीत नसणार. बाबांच्या हातात एक बटण. ज्योत दिसली की दाबायचं. ते दाबलं की शेजारच्या खोलीत कागदावर, दाबाच्या रेषेखाली, एक बारीक खूण उमटणार. साहेब तिथे बसणार आणि कागद बघणार.

"डोळ्यांत तेल घालून बघा हं," साहेब बाबांना म्हणाले.

"तेलाने अंधुक दिसतं," बाबा म्हणाले. "पाण्याने धुऊन आलोय."

सकाळी चार फुगे झाले. पहिल्याला बाबांनी बटण दोनदा दाबलं. दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला नाही. चौथ्याला पुन्हा दोनदा. साहेब बाहेर आले तेव्हा चेहरा कोरा होता, पण चष्मा पुसत होते, म्हणजे काहीतरी झालं होतं. "जेवून घेऊ," एवढंच म्हणाले. "तुम्ही दोघं जा, मी येतो मागून."

दीड-पावणेदोन तासांनी आम्ही परत येऊन बसलो. पुन्हा वीस मिनिटं अंधार. पाचवा फुगा सोडला.

बाबा मोजत राहिले. बावीस गेलं. तीस गेलं. साठ गेलं. बटण वाजलं नाही.

ठीक आहे, नायट्रोजन असेल. सहावा. पुन्हा काही नाही. सातवा. बाबा शंभरपर्यंत गेले.

"सूनबाई, सिलिंडर संपला का गं?"

"बोलायचं नाही, बाबा. परीक्षा आहे."

आठवा. काही नाही. चारही फुगे नायट्रोजनचे असणं शक्य नव्हतं. बाबांचे डोळे थकले असतील. की सकाळचं सगळं नशीबच होतं? मी अंधारात त्यांच्या दिशेने पाहिलं.

"बाबा, अंदाजाने तरी..."

"नाही दिसलं तर नाही दिसलं," ते शांतपणे म्हणाले. "मी काय काजळाने काढू?"

तेवढ्यात दार उघडलं आणि साहेब आत आले. हातात कागदाची गुंडाळी, आणि चेहरा असा, जसा शाळेत खिडकीची काच फुटल्यावर मुलांचा असतो.

"आठवा झाला ना?" ते म्हणाले. "मला एक सांगायचंय. भट्टी... भट्टी मी वाढवली."

"काय केलंत?"

"जेवायला तुम्ही गेलात तेव्हा. या वयात माणूस इतके डोळे ताणतोय, बघवेना. म्हटलं जरा तापवू, ज्योत ठळक होईल, त्यांना बरं पडेल. सकाळी त्यांनी चारही बरोबर सांगितले होते हो!"

मी उठून तापमानाच्या आकड्यांवरचं कापड ओढलं. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

नोकरीला लागल्यापासून मी साहेबांवर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. तीन महिने मुरवलेलं भांडं, मी म्हणाले. मला विचारायचं तरी, असंही म्हणाले. ते मान खाली घालून उभे राहिले. झडप उघडण्याआधी तापमान बघायला हवं होतं, ती चूक माझीही होती, पण ते मला घरी गेल्यावर आठवलं.

"पण मग," साहेब चाचरत म्हणाले, "ज्योत गेली कुठे? पाच, सहा आणि आठ ऑक्सिजनचे होते. जास्त तापवलं तर जास्त पेटायला हवं ना?"

"कागद दाखवा," मी म्हणाले.

टेबलावर गुंडाळी उलगडली. सकाळच्या पहिल्या आणि चौथ्या रेषेवर उंचवटा, त्याला खांदा. आणि खाली बाबांच्या खुणा, एक उंचवट्याशी, दुसरी नेमकी खांद्याशी. प्रत्येक खूण पाव सेकंद उशिरा, पण सगळ्या सारख्याच उशिरा. तेवढा वेळ बोटाला लागतोच. दुपारच्या रेषा मात्र संथ. दाब हळूहळू चढलेला, ना उंचवटा ना खांदा. आणि खाली एकही खूण नाही.

मी पुन्हा पुन्हा पाहिलं आणि मला हसू फुटलं. थांबवता येईना.

"काय झालं?" दोघंही एकदम म्हणाले.

"साहेब, ज्योत आलीच नव्हती. तुम्ही विझवलीत! या क्रियेचं हेच तर तिरपागडं आहे. तीनशेच्या आसपास ब्युटेनचा तुटका तुकडा ऑक्सिजनचा हात धरतो. त्या जोडीतून पेरॉक्साइड, म्हणजे सहज फुटणारे रेणू, बनतात, ते साठतात, फुटतात, एकाचे दोन, दोनाचे चार तुकडे होतात, आणि मग ज्योत येते. पण तीनशे ऐंशीच्या पुढे गेलं की उष्णतेने तो धरलेला हातच सुटतो. जोडी जमते न जमते तोच मोडते. पेरॉक्साइड साठतच नाहीत. म्हणून जास्त तापवलं की क्रिया मंदावते. आणखी खूप तापवलं तर पुन्हा भडकेल, पण ती वेगळी आग."

"आच वाढवली म्हणून विझली," साहेब स्वतःशीच म्हणाले. तीस वर्षं पोलाद वितळवलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागणारच.

"फोटो धुवायचा आमचा डेव्हलपर असाच," बाबा म्हणाले. "घाईने गरम करायला गेलं की फोटोचं मातेरं."

साहेब बाबांकडे वळले. "म्हणजे ज्योत असायलाच हवी असं सगळ्यांना वाटत होतं, मला, यांना, तुम्हालाही, आणि तुम्ही तिन्ही वेळा नाही म्हणालात."

"नव्हती तर काय म्हणू?"

"आकडा," साहेब म्हणाले आणि कागदावर बोट आपटलं. "हाच आकडा मला हवा होता. मी ठरवून ही परीक्षा घेतली असती तर मला सुचली नसती. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं तुमचं. ट्यूब मागितलीत, दोन मिळाले. आणि ते तुमच्या घरात होते!"

"काखेत कळसा," मी म्हणाले.

भट्टी रात्रभरात तीनशे पाचवर परत आली. भांडं रुसलं असेल म्हणून मी घाबरत होते. पहिले तीन प्रयोग त्याने लहर दाखवली, ज्योत कधी अठराव्या सेकंदाला, कधी तिसाव्या. चौथ्यापासून बावीसवर आलं आणि तिथेच बसलं. दुसऱ्या गटाला साहेबांनी स्वतःच जाऊन सांगितलं की भट्टी चार महिने मिळणार नाही. कारण काय सांगितलं ते कळलं नाही; पण त्या गटाचा प्रमुख मला जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "तुमच्याकडे म्हणे एक उपकरण आलंय, ज्याला चहा लागतो."

त्याच दिवशी दुपारी साहेब दारात घुटमळत होते. "मी बसलो तर चालेल का?"

बाबांनी त्यांची झडती घेतली. घड्याळ काढलं, फोन काढला, खिशातलं चमकणारं पेनसुद्धा काढलं. वीस मिनिटं साहेब गप्प बसले, हा विभागातला विक्रम असावा. मी मिश्रण सोडलं. बाबा मोजू लागले.

"कडेला बघा," ते कुजबुजले. "एक वीत डावीकडे. ...बावीस."

मग एक खुर्ची करकरली.

"अहो!" आकडेसाहेब म्हणाले. "अहो, आली! अहो, ही दुसरी!" आणि मग काहीतरी धपकन पडलं, कारण ते उभे राहिले होते आणि गुडघा टेबलावर आपटला होता. दिवा लावू का विचारलं तर ओरडले, "नको नको! आणखी एकदा!"

आम्ही त्या दुपारी अकरा वेळा सोडलं.

चार महिने बाबा आठवड्यातून तीन दिवस माझ्याबरोबर येत राहिले. त्यांच्या खुणांवरून आम्हाला कळलं की दुसरी ज्योत वरून का सुरू होते: पहिलीने तापलेला वायू वर जातो आणि वरच्या भागात पेरॉक्साइड पुन्हा आधी साठतात. निदान आम्ही तसं मांडलं. शोधनिबंध लिहिताना 'उपकरणं' या सदरात काय लिहावं यावर माझी आणि साहेबांची दोन दिवस वादावादी झाली. मी लिहिलं होतं 'प्रशिक्षित निरीक्षक'. साहेबांनी ते खोडून लिहिलं: 'मानवी डोळे, दोन, वय एकाहत्तर वर्षं, प्रतिसादाचा विलंब पाव सेकंद.' एका परीक्षकाने उलट विचारलं की हा प्रतिसाद इतका एकसारखा कसा. साहेबांनी उत्तर पाठवलं, 'सवयीने.' निबंध स्वीकारला गेला.

नवी ट्यूब आली तेव्हा मला जरा चोरट्यासारखं वाटत होतं. बाबांना कसं सांगायचं? पण तेच खोकं उघडायला पुढे. ट्यूब हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "हिला दमायला होत नाही, हे बरं." आम्ही दोघांच्या खुणा एकाच कागदावर घेतल्या. जुळल्या. मग बाबांनी घरून आपला जुना कॅमेरा आणला आणि फ्रीजमध्ये जपून ठेवलेला शेवटचा रोल. एका ज्योतीने फिल्मवर काही उमटत नाही, म्हणून एकाच चौकटीवर चाळीस ज्योती घेतल्या. चाळीस वेळा शटर उघडलं, मिटलं. फोटो त्यांनी न्हाणीघरात स्वतः धुतला. माझ्या नवऱ्याने आंघोळीसाठी दार ठोठावलं, तर आतून ओरडले, "आज तुझ्या तलावात कर!"

फोटो म्हणजे काळ्यावर एक दुधाळ गोल, आणि त्यात तापमान मोजणाऱ्या तारेची बारीक सावली. साहेबांनी तो मागून घेतला, चौकट केली आणि आपल्या खोलीत खुर्चीच्या मागे टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवतात आणि ज्योत कशी खालून वर जाते ते बोटाने समजावतात.

तार भांड्यात वरून सोडलेली असते. फोटोत ती खालून येते. साहेबांनी तो उलटा टांगलाय. मी सांगायला निघाले होते, पण बाबांनी हात धरला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "इतक्या आनंदाने टांगलाय."